मधमाश्यांसाठी तीन कोटेशन्स

२ मार्च
आजपासून मधमाशीपालन. निर्णय पक्का. बायकोला परसदारी शिकवणीची खोली बांधायची आहे. स्वयंपाकघराच्या टेबलावर मुलांना बेडकाचं हृदय शिकवून म्हणे वैताग आलाय. (ती जीवशास्त्र शिकवते. शाळेपुरतं.) शेवटी तह झाला: या हंगामात मध निघाला तर परसदार माझं, नाही तर खोली. मी हसून हो म्हटलं. बिचारी.

५ मार्च
भिंतीपलीकडे साडू राहतो. त्याच्याकडे एक पेटी आहे. माश्यांची जात विचारली, तर म्हणाला, काय की बुवा, फांदीला लटकल्या होत्या, खोक्यात घेतल्या. अशी माणसं संसार तरी कसा करतात! मी जन्म खरेदी विभागात काढला. तीन कोटेशन्स आणि तुलनात्मक तक्ता याशिवाय तिथे टाचणीसुद्धा आत आली नाही. इथे तर सजीव प्राणी आहे.

१४ मार्च
तक्ता सुरू. इटालियन: पिवळी, मवाळ, मध भरपूर. पण खादाड, आणि शेजारच्या पेटीत चोऱ्या करते. शेजारची पेटी साडूची असेल तर हा गुण की दोष, यात दुपार गेली. कॉकेशियन: शांत, जीभ लांब, पण दिसेल ती फट डिंकाने बुजवते. कार्निओलन: करडी, अत्यंत गरीब स्वभाव, हिवाळ्यात काटकसरी. मात्र कुटुंब वाढलं की अर्धं बिऱ्हाड घेऊन चालती होते. बायको म्हणाली, लांब जिभेची नको, घरात एक आहे. दुर्लक्ष केलं.

२९ मार्च
'स्वभाव' रकान्याला वीस गुण की तीस? बायकोचं मत: कुठल्याही आणा, पण आणा. हा खरेदीचा विचार नव्हे.

१८ एप्रिल
सगळं फुललंय. साडूच्या माश्या दिवसभर आमच्याच झाडांवर. लाजलज्जा नाही. बायको म्हणाली, फुलं काही तुमच्या तक्त्यासाठी थांबत नाहीत. तिला सांगितलं, अति घाई संकटात नेई. तिने चहा ठेवला नाही.

६ मे
निकाल: कार्निओलन, साडेतीन गुणांनी. पेटीवाल्याला फोन केला. म्हणाला, साहेब, मार्चमध्ये यायचं होतं, बहर संपत आला. सगळे विक्रेते असेच रडतात.

१५ मे
माल आला! राणीच्या पाठीवर पांढरा ठिपका. काय रुबाब! भिंतीवरून साडूला सांगितलं, शुद्ध वंश आहे. तो म्हणाला, वा, छान हो. त्याला काय कळतंय.
पेटीवाला बजावून गेला की दोन आठवडे झाकण उघडायचं नाही. विक्रेता तपासणीला नको म्हणाला की समजावं, मालात खोट आहे. खरेदी विभागातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

१६ मे
तपासणी. राणी हजर. दुपारी पुन्हा तपासणी. हजर.

१९ मे
गॅसवाल्याला राणी दाखवली. फारच प्रभावित झाला. रिकामं सिलिंडर न घेताच पळाला.
बायको म्हणते, तुमच्या बेडरूमचं छप्पर कुणी रोज उचलून बघितलं तर? दृष्टान्त गैरलागू.

२२ मे
राणी सापडली नाही. बहुतेक कामात असावी.

२३ मे
पेटीच्या दाराशी पडली होती. पांढरा ठिपका तसाच. पेटीवाल्याला फोन केला, तर म्हणाला, सारखी उघडझाप झाली की माश्या बिथरतात, दोष राणीला देतात आणि घेरून मारतात. संकट आलं की वरिष्ठांवर ढकलून मोकळं व्हायचं, ही वृत्ती मी ऑफिसातही पाहिली आहे.
तरी वाईट वाटलं. खरंच वाटलं. एवढीशी होती.

१४ जून
आनंदवार्ता! माश्यांनी आपल्यातूनच नवी राणी घडवली. गेलेल्या राणीच्याच अंड्यातून, म्हणजे वंश तोच, शंभर टक्के कार्निओलन. शिवाय खर्च शून्य. माझ्या देखरेखीचं फळ. साडूला ऐकवलं.

२४ जुलै
विचित्र. करड्या माश्यांत पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या दिसताहेत. आणि स्वभाव म्हणावा तर कजाग. मान, कान, आणि जिथे बसायचं असतं तिथे डंख. पेटीवाल्याला तक्रारीचा मसुदा केला: माल नमुन्याप्रमाणे नाही, भेसळीचा संशय.
बायकोने मसुदा वाचला आणि हसत हसत खालीच बसली. मग समजावलं. नवी राणी लग्नाला बाहेर उडते. उंच आभाळात जाते आणि आसपासचे जे नर भेटतील त्यांच्याशी लग्नं लावून परत येते. एक नाही, दहा-पंधरा. आणि इथे आसपास पेटी कुणाची? म्हणाली, मुलगी तुमची, जावई सगळे पलीकडचे. खाण तशी माती.
हे शाळेत शिकवतात?

२६ जुलै
बायकोने बहिणीला सांगितलं, बहिणीने साडूला. आता तो भिंतीवरून 'काय व्याही!' अशी हाक मारतो. दोन महिने गुणांचे रकाने आखून मी याचा व्याही झालो.

११ ऑगस्ट
मध काढायचा दिवस. मधाच्या जागी चिमूटभर मेण आणि खूप संताप. उजवा डोळा मिटलाय, डाव्याने लिहितोय. साडूकडे दोन बादल्या निघाला. त्याने बरणी पाठवली. खाल्ला नाही. थोडा चाटला. चांगला आहे मेला.
बायको बर्फ घेऊन आली. टोमणा नाही, काही नाही. तेच जास्त लागलं. तिला सांगून टाकलं की निवृत्तीनंतर मला कुणी काही विचारत नाही, फोनही तुझाच वाजतो, मला या घरात माझं म्हणून एक काहीतरी हवं होतं. ती म्हणाली, कळतं हो मला. मग म्हणाली, गवंडी सोमवारी येतोय.

२० ऑगस्ट
पेटी भिंतीपलीकडे गेली. शेकडो माश्या दिवसभर इथल्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होत्या. बायको म्हणाली, जुनी जागा लवकर सुटत नाही, होईल सवय. माझ्याकडे बघून म्हणाली.

३ ऑक्टोबर
खोलीत पोरांचा गोंगाट. मी पलीकडे गेलो. पेटी चांगली जडावली आहे. माश्याही निवळल्या आहेत म्हणे. साडूला तर हातमोजेही लागत नाहीत. म्हटलं, या माझ्या बरं का. तो म्हणाला, तुमच्याच की! केव्हाही येऊन बसा. खुर्ची आणून दिली, चहा दिला. मग खुर्ची उचलून पेटीपासून चार हात लांब ठेवली आणि फार गोड आवाजात म्हणाला, फक्त झाकणाला हात लावू नका.