आडनावातली बाभूळ

बॉथेल,
ऑक्टोबर २००६

प्रिय आशू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायच्या आधी एवढं वाच: बाबांना पक्षाघात झालाय. उजवा हात हलत नाही आणि वाचा तर पारच अडखळलीय. जन्मभर ज्या माणसाला 'जरा गप्प बसा हो' म्हणत आले, त्याच्या एकेका शब्दासाठी आता तोंडाकडे बघत बसते. देव नको तेव्हा ऐकतो बघ.

लग्नानंतर तू थॉर्नटन आडनाव लावलंस, तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी अबोला धरला. 'बाभुळगावकर बुडाले' म्हणत घरभर फिरायचे. आणि स्वतः बाभुळगाव कधी पाहिलं होतं का? जन्म नागपूरचा! पण बोलायची सोय होती का?

मागच्या हिवाळ्यात जावयाच्या आडनावात खोट काढायची म्हणून लायब्ररीतून इंग्लंडमधल्या गावांच्या नावांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले. वाचता वाचता एकदम ओरडले, अगं रेखा, थॉर्न म्हणजे काटा आणि टन म्हणजे वाडी! हेसुद्धा काटेरी झुडपांच्या गावचेच, अस्सल बाभुळगावकर! मग काय, पोस्टमन शिप्टन झाला मेंढवाडीकर आणि शेजारचे नॉर्टन उत्तरवाडीकर. हसता हसता डोळे पुसले आणि मला बजावलं, आशूला सांगायचं नाही. मेला ताठा!

आता रोज सकाळी बोलण्याचे धडे देणारी बाई येते आणि त्यांना नाव विचारते. ते म्हणतात, थॉर्नटन. ती हळूच फुली मारते. तीस वर्षं या देशात काढली, पण ऐन वेळी माझं इंग्रजी पळून जातं. मी आपली सेम व्हिलेज, सेम व्हिलेज म्हणत राहते आणि ती माझाच हात थोपटते. तिला वाटतं, म्हातारीचंही डोकं फिरलं. काय करू गं मी?

काल तिने तुझा फोटो दाखवून विचारलं, ही कोण? बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग मोठ्या कष्टाने म्हणाले, बाभुळगावकर. तिने पुन्हा फुली मारली. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर एवढंही बोलणं राहणार नाही. त्या बाईला समजावणं माझ्याने होत नाही, आशू. तू ये, जावयालाही घेऊन ये. त्यांचं उत्तर बरोबर आहे, असं कुणीतरी एकदा त्यांना सांगायला हवं.

तुझीच,
आई