खंडेनवमीला पुसलेले नंबर

अण्णा,

गेल्या महिन्यात मामू मिस्त्रींना भेटून आले. इथंच लातुरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. तुम्ही होतात तेव्हाही तिथंच राहत होते, आणि मला ते माहीत होतं.

नांदेडच्या आपल्या वर्कशॉपमधली ती खंडेनवमी. मी अकरावीत असेन. हत्यारं, मशीनं धुऊन हळदीकुंकू लावायचं म्हणून सगळे कामाला लागलेत, आणि मी हौसेनं रॉकेलचा बोळा घेऊन भिंतीला टेकवलेली इंजिनांची जड चाकं, फ्लायव्हीलं, पुसते आहे. कोणतं चाक कोणत्या इंजिनाचं, ते तुम्ही खडूनं त्यावर लिहिलेलं असायचं. तेलाबरोबर ते नंबरही गेले. मी घाबरले आणि आठवले तसे पुन्हा लिहून काढले, शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या माझ्या सुबक अक्षरात. तुम्ही मागून येऊन म्हणालात, "वा माय, छापल्यासारखं." तिथंच सांगायला हवं होतं.

कारण त्यानं काय होतं ते मला कळत होतं. तुम्हीच तोल तपासायच्या मशीनपाशी उभं करून समजावलं होतंत. काही इंजिनांत क्रँकचा, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्याचा, सगळा तोल त्याच्या स्वतःच्या अंगातच भागवलेला असतो. तो एकटा फिरवून तपासता येतो, मागं साधं चाक चालतं. काहींत क्रँकवर तेवढ्या वजनाला जागाच नसते, म्हणून उरलेलं वजन मागच्या फ्लायव्हीलवर आणि पुढच्या पुलीवर दिलेलं असतं. "असल्याला घरच्या माणसांसकट मशीनवर चढवायचं," तुम्ही म्हणायचात. त्या दिवसांत कामाला आलेल्या किनवटच्या जीपचं इंजिन तसलं होतं. मशीनवर तोल तुम्ही अगदी बरोबर केला होता. जोडताना माझा नंबर बघून मामूंनी दुसरं, साधं चाक लावलं. समोरून दोन्ही सारखीच दिसतात, वजन असतं ते पाठीमागं. इंजिन चालू केलं तेव्हा मामू म्हणाले, "अण्णा, हे थरथर करून राहिलं." तुम्ही वाकून नंबर बघितलात. "नंबर तर बरोबर हाय. मौंटिंगची रबरं जुनी झाली असतील." मी टेबलाशी बसून चहा पीत होते.

चार महिन्यांनी भोकरच्या पुढं क्रँक तुटला. मालक तुकडे घेऊन आला, नको ते बोलला, आणि त्याच्यासमोर तुम्ही मामूंना म्हणालात, "मामू, नजर गेली तुमची आता. घरी बसा." चोवीस वर्षं सोबत काम केलेल्या माणसाला. मामूंनी हात धुतले, डबा उचलला आणि गेले. तुम्हाला पुन्हा तसा मिस्त्री मिळाला नाही. वर्कशॉप तेव्हापासूनच बसत गेलं.

शेवटच्या आजारात तुम्ही माझ्याकडे होतात. "मामूला हुडक गं माय. एकदा हात जोडतो त्याला," असं तीनदा म्हणालात. तिन्ही वेळा मी म्हणाले, "ठावठिकाणा लागत नाही, अण्णा." मामू आले तर ते चाकाचं निघेल, याचीच भीती. तुम्ही गेल्याचंही त्यांना कळवलं नाही.

आता त्यांना खरंच दिसत नाही. आवाजावरून ओळखलं, "बेबी का?" तुम्ही गेल्याचं सांगितलं, मग खंडेनवमीपासून चाकाचं सगळं सांगून टाकलं. ते हसले.

"ठाऊक हाय मला. जीप परत आली, तवाच चाक उलटं करून बघितलं."

"मग बोलला का नाहीत, मामू?"

"काय बोलू? तुझ्या अक्षराची लई मिजास होती अण्णाला. कुणी आलं की तुझी वही दाखवायचे. गिऱ्हाईक कट्टाळायचं." सुनेनं चहा आणून ठेवला, तो त्यांनी चाचपडत उचलला. "आखरीला माझी याद काढली का त्यांनी?"

खरं सांगायचं तर, तुम्ही बोलावत होतात आणि मी त्यांना कळवलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. चाकाचं सांगणं सोपं होतं; ते पोरवयातलं होतं.

मी म्हणाले, "शेवटी त्यांना बोलताच येत नव्हतं, मामू."

"हाव," ते म्हणाले. "तसंच असंल."

हे पत्र तुम्हाला नाही, त्यांना वाचून दाखवायला हवं. रोज सकाळी वाटतं, आज जाऊ. जाणार नाही, हे मला माहीत आहे.