माणिकबाईंची रिकामी बरणी

अमरावती,
४ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहायला बसले. तुळशीचं लग्न लागलं, आता तुझा नंबर. नांदगाव खंडेश्वरला विपुलच्या घरी जाऊन आले. त्याची आई, माणिकबाई, यांनी मुलगी काय करते विचारलं. मी ऐटीत सांगितलं, अकोल्याच्या एमआयडीसीत लोणच्याच्या कारखान्यात खातेप्रमुख आहे.

पिकलिंग खात्याची मुख्य झाले, असं तूच म्हणाली होतीस. शेजारच्या सीमाकडून मी अर्थ पक्का करून घेतला. शिवाय मोठाल्या टाक्या, हातमोजे, घशात जाणारा आंबट वास, डोळ्यांतून पाणी, म्हणजे मोहरी चांगलीच कडक असणार. केमिकल शिकून शेवटी लोणच्यात रमलीस, बरं वाटलं. माणिकबाईंच्या लोणच्याला दरवर्षी बुरशी येते, त्यामुळे त्या फार खूश झाल्या. त्यांना एक बरणी हवी आहे.

ते लोक घर बघायला येतील, तेव्हा न्हाणी चकचकीत हवी. फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर आणली आहे, दोन्ही कालवून घासणार आहे.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
बेबीमावशी

अकोला,
८ नोव्हेंबर २०२५

ती. बेबीमावशीस आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

न्हाणीचं फोनवर सांगितलंच, तरी लेखी देते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करायची नाही. विषारी वायू निघतो. पाहुणे यायच्या आधी तुझा फोटो हार घालून भिंतीवर लागेल.

आता लोणच्याचं. माझ्या टाक्यांत कैऱ्या नाहीत, लोखंड आहे. गंजलेले पाइप आणि अँगल आम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवतो. गंज सुटला की धुऊन वितळलेल्या जस्तात घालतो, मग ते सहजासहजी गंजत नाहीत. त्या बुडवण्याला पिकलिंग म्हणतात. तू मोहरी समजलीस ती ॲसिडची वाफ. हातमोजे, चष्मा, गमबूट घातल्याशिवाय मी कोणाला टाकीजवळ फिरकू देत नाही. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड हळूहळू ओतायचं. ॲसिडात पाणी कधीच नाही, उसळून अंगावर येतं.

मावशी, मूर्तिजापूरच्या लग्नात भेटला तेव्हापासून विपुल मला आवडतो. म्हणूनच खोट्यावर सोयरीक नको. माणिकबाईंना खरं काय ते सांग. नाही म्हणाल्या तर रडेन, पण सांग.

लोभ आहे तो पातळ करू नये.
तुझी,
आकांक्षा

नांदगाव खंडेश्वर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. आकांक्षास माणिकबाईचे आशीर्वाद.

लोणच्याचा विषय काढला की तुझ्या मावशी कापसाच्या भावावर बोलायला लागतात. परवा तर म्हणाल्या, यंदाचा लोणच्याचा सगळा माल परदेशात गेला. म्हणून अकोल्याला माझ्या भाचीकडे गेले होते, तेव्हा रिकामी बरणी घेऊन मीच तुमच्या गेटवर गेले. वॉचमनला म्हटलं, कैरीचं द्या. तो बिचारा कधी माझ्याकडे बघे, कधी बरणीकडे. मग कोणाला तरी विचारून आला, माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि आत जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत घेऊन गेला.

तिथून त्याने बोट दाखवलं आणि तू दिसलीस. एक माणूस पाण्याची बादली घेऊन ॲसिडच्या टाकीकडे निघाला होता. तू ओरडलीस, "थांब. ॲसिडात पाणी टाकून राह्यला काय? काहून, मराचं हाय काय?" त्याने बादली खाली ठेवली. मीपण बरणी खाली ठेवली.

तुला न भेटताच परतले, पण रस्ताभर विचार केला. आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्या क्षाराने तुंबतात. त्या धुवायला विपुल हेच ॲसिड आणतो. उघडे हात, पायात चप्पल, आणि आधी ॲसिड, मग वरून पाणी. त्याच्या शर्टांना भोकं पडतात ती उंदरांनी पाडली असं समजून मी घरभर पिंजरे लावून बसले होते.

घरी येऊन त्याला सांगितलं, "पोरगी पसंत हाय. लोणचं घालाले मी आहो, तुले जित्ता ठेवाले तेच पायजे."

मावशींना इतक्यात काही सांगू नकोस. परदेशात गेलेला माल परत कसा येतो, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. येताना विपुलच्या मापाचे गमबूट आण.

लोभ आता मुरत ठेवू.
तुझी होणारी सासू,
माणिकबाई