फळीवरचं माणूस

विनिपेग, ३ जून १९७९

ती. दोकियाताईस धाकट्या नेस्टरचा सा. न. वि. वि.

बाबांचं कसं आहे? ऑगस्टात इथे जुन्या शेतीयंत्रांचं प्रदर्शन भरतंय. झाडीत पडलेला आपला ट्रॅक्टरमागे ओढायचा हार्वेस्टर मला हवाय. रंग देऊन मिरवीन म्हणतो. पुढे ट्रॅक्टरवर बाबा, मागे फळीवर तू, धुळीनं काळी, नुसते डोळे दिसायचे. आम्ही तुला घुबड म्हणायचो, आठवतं? देशील ना?

लोभ आहेच, तो हार्वेस्टरसकट वाढावा.

तुझा नेस्टर

कॅनोरा, ११ जून

चि. नेस्टर यास अ. उ. आ.

बाबांनी अंथरूण धरलंय. भरवते मी, पुसते मी. पण दर रविवारी विचारतात, नेस्टर निघाला का?

हार्वेस्टर खुशाल ने. त्याला दोन माणसं लागायची. एक ट्रॅक्टरवर, दुसरं मागे पातं वर-खाली करायला. तू कॉलेजात गेलास म्हणून फळीवर मी, अकरा हंगाम. अठ्ठावन्न साली एकट्यानं चालवायचा नवा आला, तेव्हा बाबा म्हणाले, आता दोकिया मोकळी. चौतिशी उलटत होती माझी. खोकला अजून आहे.

एक विचारते. एकोणपन्नासच्या सुगीनंतर हावरिलो मागणी घालायला येणार होता, तो आलाच नाही. तेव्हा तुझ्याच खोलीवर राहायचा ना? काही बोलला होता का? या वयात विचारायला लाज कसली!

आहे तो लोभ जप.

दोकिया

विनिपेग, १९ जून

ती. ताईस सा. न.

विचारलंसच म्हणून सांगतो. हावरिलोनं तुझ्यासाठी चिठ्ठी दिली होती. मी ती पोचवली नाही. त्याला सांगितलं, ताई म्हणते, रेल्वेत फावडं मारणाऱ्याच्या गळ्यात पडण्यापेक्षा मठात जाईन. तू गेली असतीस तर बाबांनी मला कॉलेजातून ओढून फळीवर चढवलं असतं गं! पोरवय होतं. त्याचं काही अडलं नाही, पाच नातवंडं आहेत. तूही हसून सोडशील. तुझं मन मोठं.

२१ जुलैला ट्रक घेऊन येतो. बाबांनाही भेटेन. राग नसावा, लोभच असावा.

नेस्टर

कॅनोरा, २७ जून

नेस्टर यास,

हसायला जमलं नाही.

हार्वेस्टरच्या चाकांत हवा भरून तो फाटकाबाहेर रस्त्यालगत आणून ठेवलाय. आत यायचं कारण नाही.

रविवारी बाबांनी पुन्हा विचारलं, नेस्टर निघाला का? मी सांगितलं, नेस्टर गेला. मोटार उलटली, तिकडेच पुरलं. दोन दिवस म्हाताऱ्यानं हंबरडा फोडला, अन्नाला शिवले नाहीत. तुझ्या नावानं मयताची गव्हाची खीर शिजवली, ती मी एकटीनंच खाल्ली. वाटलं होतं, मला वाईट वाटेल. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव घेऊन पाणी मागितलं. किती वर्षांनी!

आता तू समोर आलास तर भूत म्हणून तिथेच जीव सोडतील. तेव्हा ट्रकला जोड आणि जा.

काल त्यांनी विचारलं, जाताना काही बोलला का. मी म्हटलं, हो, ताईची माफी मागत गेला.

मुलांना आशीर्वाद.

दोकिया