गुडघ्यामागची चौकट

फुआतिनोताई,

तुझ्या गुडघ्यामागची ती गोंदलेली चौकट काय सांगते? बायकांच्या गोंदणावर चाळीस पानं लिहून मी घरातली पहिली पदवीधर झाले, तरी याचं खरं उत्तर मला देता येत नाही. कागदावर मी 'आसरा' असं लिहिलं. मला मात्र तिथे आपल्या चुलतबहिणीचं, सिएनीचं नाव दिसतं.

आपल्या सामोआत कुणी एकटीने गोंदवून घेत नाही. सोबत जोडीदारीण लागते आणि ती जोडी जन्माची असते. लहानपणी ती जागा तू मला देऊ केली होतीस. माझी परीक्षा संपायला आठच दिवस होते, पण तू थांबली नाहीस, कळवलंही नाहीस. सिएनीला सोबत घेऊन गोंदवून मोकळी झालीस.

माझ्या पदवीच्या जेवणात तुम्ही दोघी गोंदलेले पाय मिरवत नाचलात, तेव्हा आत्या मला म्हणाली, "काय गं पंडितीणबाई, डोकं भरलं आणि पाय कोरेच?" सगळे हसले. तूही हसलीस.

त्या रात्री मी आईला विचारलं, "माझी जोडीदारीण होतेस?"

"वेडी का काय! या वयात?" मग भांडी पुसता पुसता म्हणाली, "मला कधी कुणी विचारलंच नव्हतं गं."

परवा आम्ही दोघींनी एकाच चटईवर, एकामागून एक, गोंदवून घेतलं. आईचा हात मी शेवटपर्यंत सोडला नाही. तुला मुद्दामच आधी कळवलं नाही.

तुझी धाकटी,
मोएलागी