ताईने सांगितलेली गाजरं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा पिवळ्या हातांनी शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून तुझ्याशी भांडतो का? इथे सगळे खुशाल आहेत. मी मात्र पिवळा आहे आणि त्याचं कारण तूच.

मागे फोनवर मी म्हणालो, घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग आता मला धूसर दिसते. तू ताबडतोब फर्मान काढलंस, की गाजरं खा, अ जीवनसत्त्व मिळेल. आणि फरक पडला नाही तर मी स्वतः येऊन बघते. लहानपणी तुझा शब्द मोडला की धपाटा मिळायचा, तेव्हा आता मोडतोय कशाला! सकाळी कच्ची, दुपारी उकडलेली, दुकानात डबाभर किसलेली. (गिऱ्हाइकांना वाटलं, घड्याळजीने ससा पाळलाय.) भाजीवाली तर मला पाहून उठून उभी राहायला लागली. पुढे तळहात पिवळे पडले, मग नाकाचा शेंडाही. शेजारच्या औषधवाल्याने कावीळ ठरवून टाकली, सूनबाईने माझी ताट-वाटी वेगळी काढली आणि एक गिऱ्हाईक घड्याळ न देताच परत गेलं.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पापण्या ओढून पाहिलं. डोळ्यांचं पांढरं पांढरंच होतं. म्हणजे कावीळ नाही, हा गाजरांचा रंग. मग समजावलं, की हे जीवनसत्त्व अंगात कमी पडलं तर तिन्हीसांजेला दिसेनासं होतं, डोळे कोरडे पडतात. पण ज्याच्याकडे ते पुरेसं आहे, त्याची नजर टोपलीभर गाजरांनी घारीची होत नाही. माझी तक्रार फक्त कामाच्या वेळची आहे हे ऐकून त्यांनी माझं कामाचं भिंग मागितलं. उजेडात धरलं, फडक्याने पुसलं आणि परत दिलं. घड्याळाच्या तेलाचा थर होता, ताई! काखेत कळसा नि गावाला वळसा.

तिथे मीही पोटभर हसलो. बाहेर आल्यावर मात्र वाईट वाटलं. डोळे धड निघाले, म्हणजे आता तू येणार नाहीस. आई गेल्यापासून आपण भेटलो ते कुणाच्या आजारपणात, नाहीतर कुणाला पोचवताना. तुझी फार आठवण येते गं.

तुझा,
धाकटा

ता. क. : तू तिकीट काढलंस, असं काल भाचा फोनवर म्हणाला. मी त्याला भिंगाचं काही बोललो नाही.

आणखी एक ता. क. : आत्याबाईंना फसवून बोलावू नका, असं सूनबाईने बजावलं, म्हणून वर सगळं खरं लिहिलं. तिकीट रद्द करू नकोस. एकदा कुणी आजारी नसताना ये.