कॉर्नरचं होर्डिंग लागत नाही

प्रिय छाया,

फोन मुद्दाम नाही केला. तुझा फोन आता बियाण्याच्या कंपनीची ती म्याडम उचलते, अन् तू उचलला तरी गोड बोलशीन अन् माझा राग बसून जाईन. मले तो राग रविवारपर्यंत पुरवाचा आहे. कबड्डीच्या सेमीफायनलले आपलं मोताळ्याचं कॉलेज अन् तुमचं शहरातलं कॉलेज समोरासमोर आहे, तुले कोणी सांगतलं का नाही?

इथं बसस्टँडसमोर तुझं होर्डिंग लागलं. बियाण्याची पिशवी काखेत, अन् चढाईच्या पोझमध्ये उभी! माय व, पिशवी घेऊन कोण चढाई करते? मी एकटीच हसत उभी होती, लोक पाहून राह्यले होते. दिसते मात्र छान तू, खोटं काऊन बोलू?

कंपनीचे पैसे घेतले अन् आपली टीम सोडून शहराच्या टीममध्ये गेली म्हणून मी तोंड वाकडं करत नाही. तुझ्या घरी बोअरले मोटर बसली, तुझ्या आईचं, अन्नपूर्णाकाकूचं, पाणी वाहणं सुटलं, मले बरंच वाटलं. पण तुझ्यामागून वडनेर भोलजीची रेडर गेली, मग पिंपळगाव राजाची गेली. जिथं कंपनी तिथं साऱ्या पोरी. पहिले कोण जिंकन ते सांगता येत नव्हतं, लोक बाजार सोडून सामना पाहाले येत. आता हाफटाइमच्या आधीच लोक चप्पल शोधतात. पिंपळगावच्या पोरी तर मागच्या खेपेस लोणावर लोण बसले, सारी टीम बाद होत गेली, तशा मॅटवरच बसून राह्यल्या. एकीनंही डोळे वर केले नाही. मले इतका संताप आला, पण करू कोणावर?

अन् गंमत पाय. जाहिरात मिळते फक्त चढाईवालीले. पकड करणारीचा फोटो कोण काढन? आमचं तोंड मॅटमध्ये अन् हात कोणाच्या तरी घोट्याले. म्हणून तुमच्या टीममध्ये साऱ्याच रेडर, कॉर्नरले उभं राहाले कोणी राजी नाही. उत्तमराव सरांनी तुमचा व्हिडिओ लावला तेव्हा आम्ही एकमेकींकडे पायलं. पहिल्यांदाच वाटलं, आपण यांना हरवू शकतो. अन् हरवलंच पाहिजे, कारण प्राचार्यांनी साफ सांगतलं, यंदा फायनल नाही तर पुढच्या वर्षी मुलींची टीमच नाही.

सरांनी सारं माझ्यावर टाकलं. छायाले धर, म्हणतात, बाकीच्या आपोआप थंड पडतात. डाव्या कॉर्नरले मी, म्हणजे तुझा उजवा पाय माझ्या हाती. रोज तेवढाच सराव. जेवाले बसली तरी माझी बोटं वळून राह्यतात, आई म्हणते, पोरीले काय झालं?

काय झालं ते तुलेच सांगते. बाजारात काकू भेटल्या. वांगी निवडता निवडता बोलून गेल्या का तुझ्या उजव्या गुडघ्यात पाणी झालं, डॉक्टरनं खेळू नको म्हटलं, पण कोणाले सांगू नको माय, कंपनीले समजलं तर फोटो उतरवतीन. मी कोणाले सांगतलं नाही. सरांनाही नाही. पण छाया, घोटा हातात आला का मी सोडत नाही, तुले माहीत आहे. तेव्हा तो कोणाचा आहे हे मले आठवत नाही. त्या पायावर मी पडली तर तू चालशीन का नाही, याचीच मले धास्ती बसली. हे पत्र काकूच्या हाती देऊन राह्यली. रविवारी मॅटवर उतरू नको. अन् म्याडमनं उतरवलंच, तर माझ्या बाजूनं येऊ नको. उजव्या कॉर्नरले आमची नवी पोरगी आहे, तिची पकड कच्ची आहे. हे आमच्या टीममध्ये कोणाले समजलं तर मले तोंड दाखवाले जागा नाही. तू तिकडून ये.

तुझीच,
पूनम